बायोस बिघडला म्हणून मदरबोर्ड भंगारात काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि जुन्या संगणकावर विंडोज 11 चढवण्याची घाई सुरू झाली. त्यासाठी टीपीएम 2.0 (कळा आणि गुपिते जपणारा सुरक्षा-भाग) आणि सिक्युअर बूट (सही असलेलाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) लागते, आणि ते नीट चालू व्हावे म्हणून पुष्कळ बोर्डांना आधी नवा बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डच्या चिपमधला प्रोग्रॅम, द्यावा लागतो. शिवाय सिक्युअर बूटच्या 2011 सालच्या प्रमाणपत्रांची मुदत 2026 मध्ये संपत असल्याने त्यासाठीही बायोस अपडेट निघत आहेत. म्हणजे ज्यांनी आजवर बायोसला कधी हात लावला नाही, ते लोक आता घरी बसून तो बदलत आहेत, तेही यूपीएसशिवाय. चिपवर लिहिणे चालू असताना वीज दोन सेकंद गेली, तरी संगणक उठत नाही. पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो. मग दुकानात ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ असे सांगितले जाते.

बहुतेक वेळा बोर्ड गेलेला नसतो. गेलेला असतो तो आठ पायांच्या एका चिपमधला मजकूर. ती चिप काढून पुन्हा लिहिता येते. त्याहून चांगले म्हणजे दुसरी, चांगला मजकूर असलेली चिप शेजारी कायम बसवून एका जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) तिच्यावर उडी मारता येते. यासाठी लागणारा अ‍ॅडॉप्टर घरी बनवता येतो, सामान काही शे रुपयांत येते, आणि सोल्डरिंगचा हात असलेल्या माणसाला एका संध्याकाळचे काम आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कार्यालये जुने डेस्कटॉप मोठ्या संख्येने काढतात, ते स्वस्तात शाळांकडे आणि घरांकडे जातात. अशा यंत्रांसाठी हा उपाय फार मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रोसेसरला वीज मिळाली की तो पहिली आज्ञा 4 जीबीच्या हद्दीच्या 16 बाइट अलीकडून वाचतो आणि तो पत्ता थेट बायोस चिपमध्ये जातो. तिथे अर्धवट पुसलेला भाग असेल तर पुढे काहीच घडत नाही, यूएसबीवरून संगणक सुरू करणेही नाही. 26 एप्रिल 1999 रोजी सीआयएच व्हायरसने जगभर हाच घाव घातला होता. दोन चिपांची कल्पना त्याच सुमारास रुजली, आणि काही कंपन्या आजही दोन बायोस चिपा असलेले बोर्ड विकतात. तुमच्या बोर्डावर ती सोय असेल, किंवा मागच्या बाजूला पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचे बटण असेल, तर पुढचा खटाटोप करू नका.

आधी दोष खरोखर बायोसचाच आहे का हे बघा. एकच रॅम ठेवा, ग्राफिक्स कार्ड काढा, सीएमओएसचा (बायोसची सेटिंग जपणाऱ्या स्मृतीचा) सीआर2032 सेल मोजा. चिपच्या 8 क्रमांकाच्या पायावर 3.3 व्होल्ट (1.8 व्होल्टची चिप असेल तर 1.8) येत नसतील तर दोष विजेच्या वाटेत आहे. चिप बदलून काही होणार नाही. व्होल्टेज आहे आणि पॉवर बटण दाबल्यावर 1 क्रमांकाच्या पायावर हालचाल दिसते, म्हणजे प्रोसेसरची बाजू चिपला हाक मारते आहे, पण संगणक तरीही उठत नाही, अशा वेळी संशय मजकुरावर घ्यावा. ही हालचाल पाहायला ऑसिलोस्कोप उत्तम, साधा लॉजिक प्रोबही चालतो. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत सॉकेटच्या पात्यांवर काळा थर चढतो हेही विसरू नये. चिप एकदा काढून, पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवल्यावर यंत्र सुरू झाले, असे वाशी-ऐरोलीकडच्या जुन्या बोर्डांबाबत घडू शकते.

चिपवरचा क्रमांक भिंगाने वाचा. 25क्यू64 म्हणजे 64 मेगाबिट, अर्थात 8 एमबी. 25क्यू32 म्हणजे 4 आणि 25क्यू128 म्हणजे 16. विनबाँडच्या चिपेत शेवटी बीव्ही, एफव्ही किंवा जेव्ही असेल तर ती 3.3 व्होल्टची, डीडब्ल्यू, एफडब्ल्यू, जेडब्ल्यू असेल तर 1.8 व्होल्टची. मॅक्रॉनिक्सची एमएक्स25एल ही 3 व्होल्टच्या घराण्यातली आणि एमएक्स25यू 1.8 ची. गिगाडिव्हाइसची जीडी25क्यू ही 3.3 ची, जीडी25एलक्यू 1.8 ची. हा फरक एका अक्षराचा असतो, आणि 1.8 च्या चिपेला 3.3 दिले तर ती कायमची जाऊ शकते. दुसरी चिप शक्यतो त्याच क्रमांकाची घ्या. इंटेलच्या बोर्डांवर चिपच्या सुरुवातीच्या भागात आकाराची आणि ओळखता येणाऱ्या चिपांची नोंद असते. वेगळ्या घराण्याची चिप बसवली तर संगणक कधीकधी उठतो, पण सेटिंग साठवली जात नाहीत, आणि त्यामागचे कारण शोधण्यात उगाच वेळ जातो.

आता वाचन. सीएच341ए नावाचा स्वस्त यूएसबी प्रोग्रॅमर (चिप वाचण्या-लिहिण्याचे यंत्र) सगळीकडे मिळतो, पण त्याच्या काळ्या बोर्डाच्या सर्वांत प्रचलित आवृत्तीत एक दोष आहे. चिपला वीज 3.3 व्होल्टची मिळते, मात्र डेटाच्या तारांवर 5 व्होल्ट येतात. बऱ्याच चिपा ते सोसतात, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण चिप बोर्डावरच ठेवून क्लिपने वाचायची असेल तर तेच 5 व्होल्ट चिपसेटपर्यंत पोहोचतात. उपाय असा: प्रोग्रॅमरवरच्या सीएच341ए आयसीचा 28 क्रमांकाचा पाय पॅडवरून उचला आणि तो पाय व 9 क्रमांकाचा पाय, दोन्ही शेजारच्या रेग्युलेटरच्या 3.3 व्होल्टच्या पायाला तारेने जोडा. मग यूएसबीला लावून डेटाची तार मल्टिमीटरने मोजा. 3.3 च्या आसपास दिसले की काम झाले. 1.8 व्होल्टच्या चिपेला मात्र व्होल्टेज उतरवणारा वेगळा लेव्हल-शिफ्टर लागतोच.

चिप दोनदा वाचा, दोन फाइली जुळतात का ते चेकसमने (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणी-आकड्याने) तपासा. 8 एमबीच्या चिपची फाइल अचूक 83,88,608 बाइटांची हवी. सगळीकडे एफएफ किंवा सगळीकडे शून्य दिसले तर चिप रिकामी नाही, बहुधा क्लिप किंवा पाय लागलेला नाही. विनबाँड 25क्यू64 बीव्ही किंवा एफव्ही असेल तर प्रोग्रॅमरने ओळख-क्रमांक ईएफ 40 17 दाखवला पाहिजे. तो आला नाही तर पुढे एकही बटण दाबू नका.

बायोस बिघडण्याआधीच, संगणक धड असतानाच्या काळात, ही प्रत काढून ठेवलेली उत्तम. बायोस आधीच बिघडलेला असेल तरीही बिघडलेली चिप वाचून तिची फाइल जपून ठेवा. ती फेकायची नसते, कारण नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखणारा क्रमांक), यंत्राचा अनुक्रमांक आणि ब्रँडेड यंत्रांत विंडोज 8 पासूनची परवाना-कळ बहुधा याच चिपमध्ये असते आणि अर्धवट अपडेटमध्ये ते भाग अनेकदा शाबूत राहतात. कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल जशीच्या तशी लिहिण्याची चूक फार होते. काही कंपन्यांच्या फाइलला सुरुवातीला 2048 बाइटांचे वेष्टन असते. ते न काढता लिहिले तर सगळा मजकूर तेवढा पुढे सरकतो आणि चिप ‘बरोबर लिहिली’ असे दाखवूनही बोर्ड उठत नाही. दुसऱ्याच्या बोर्डावरून घेतलेली फाइल वापरली तर एकाच नेटवर्कवर एकाच मॅक पत्त्याची दोन यंत्रे होतात. शाळेच्या लॅबमध्ये हा घोळ शोधायला दिवस जातात.

अ‍ॅडॉप्टरचे मर्म एका पायात आहे. ठिपक्यापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजले तर 1 हा चिप सिलेक्ट, 2 डेटा बाहेर, 3 राइट प्रोटेक्ट, 4 ग्राउंड, 5 डेटा आत, 6 क्लॉक, 7 होल्ड, 8 वीज. 2 ते 8 हे सातही पाय दोन्ही चिपांचे एकमेकांना सरळ जोडायचे. फक्त 1 क्रमांकाचे पाय वेगळे ठेवायचे. बोर्डाकडून येणारी चिप सिलेक्टची तार स्विचच्या किंवा तीन पिनांच्या जंपरच्या मधल्या पायावर, आणि दोन कडेच्या पायांवरून प्रत्येक चिपच्या 1 क्रमांकाला. ही तार शून्यावर खेचली गेली तरच चिप ऐकते. उंच, म्हणजे 8 क्रमांकाच्या विजेच्या पातळीवर, असली तर डेटाचा पाय सोडून गप्प बसते. म्हणून प्रत्येक चिपच्या 1 आणि 8 या पायांमध्ये 10 किलोओहमचा एक रेझिस्टर हवाच. निवडलेली नसलेली चिप त्या रेझिस्टरमुळे उंच, म्हणजे गप्प राहते.

हे दोन रेझिस्टर वाचवायचा मोह अनेकांना होतो. ते नसतील तर मोकळ्या सुटलेल्या 1 क्रमांकाच्या पायावर आजूबाजूचा गोंगाट बसतो, ती चिप मधूनच जागी होते आणि दोन्ही चिपा एकाच तारेवर बोलू लागतात. संगणक एकदा उठतो, एकदा उठत नाही. याहून वाईट म्हणजे लिहिण्याची आज्ञा राखीव चिपेनेही ऐकली तर ज्या प्रतीच्या भरवशावर हे सगळे केले तीच खराब होते.

दुसरी चुकीची वाट म्हणजे 1 क्रमांकाऐवजी 8 क्रमांक, म्हणजे वीज, स्विचने तोडणे. दिसायला सोपे आहे, पण वीज तोडलेली चिप खऱ्या अर्थाने बंद होत नाही. डेटा आणि क्लॉकच्या तारांवरून तिच्या आतल्या संरक्षक डायोडांमधून तिला चोरवीज मिळत राहते, ती तारांवर ओझे टाकते आणि चांगल्या चिपचेही वाचन बिघडवते. होल्ड पाय खाली ओढून चिप गप्प करण्याची युक्तीही जुन्या बोर्डांवरच चालते. नव्या बोर्डांत 3 आणि 7 हे पाय चार तारांनी वेगाने वाचताना डेटासाठी वापरले जातात, त्यामुळे त्यांना कशालाही बांधून ठेवू नये. दोन्ही चिपांचे फक्त समांतर जोडावेत.

सामान ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळते. आठ पायांचे दोन आयसी बेस, झीरो पीसीबीचा लहान तुकडा, 10 किलोओहमचे पाव वॉटचे दोन रेझिस्टर, 104 छापलेले दोन सिरॅमिक कपॅसिटर, गोल पिनांची स्ट्रिप, तीन पिनांची बर्ग स्ट्रिप आणि जंपर कॅप, बारीक रॅपिंग वायर. चिप चपट्या प्रकारची मिळाली तर तिला डीआयपी (बेसमध्ये बसणाऱ्या उभ्या पायांची) करणारा छोटा पीसीबी घ्या, पण रुंद अंगाची की अरुंद ते बघून. बायोसच्या चिपा बहुधा 208 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंदीच्या असतात, 150 मिलच्या पॅडवर त्या बसत नाहीत.

बोर्डाच्या सॉकेटमध्ये जाणारे पाय गोल पिनांचेच हवेत. नेहमीच्या बर्ग स्ट्रिपची चौकोनी पिन 0.64 मिलिमीटरची असते, ती सॉकेटची पाती फाकवते. अ‍ॅडॉप्टर काढून मूळ चिप परत लावली की मग ती सैल बसते आणि नवाच दोष सुरू होतो. पिनांच्या दोन रांगांमध्ये 7.62 मिलिमीटर, म्हणजे पीसीबीवर तीन घरे अंतर. दोन्ही बेसच्या खाचा एकाच दिशेला ठेवा आणि पहिल्या पायाशी पांढरी खूण करा. चिप उलटी बसली तर 4 आणि 8 ची अदलाबदल होते, ती क्षणात तापते आणि जाते. 104 चे कपॅसिटर प्रत्येक बेसच्या 4 आणि 8 मध्ये, शक्य तितके जवळ. सातही समांतर तारा तीन-चार सेंटिमीटरच्या आत उरका. अनेक बोर्डांवर या तारा 20 ते 50 मेगाहर्ट्झने धावतात. लांब तारेत खुणा वाकड्या होतात आणि विंडोज चढतानाच यंत्र गोठते. काम झाल्यावर फ्लक्स अल्कोहोलने पूर्ण धुवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात उरलेला फ्लक्स ओल धरतो.

स्विच कॅबिनेटच्या मागे आणण्याची हौस अनेकांना असते. माझे मत स्पष्ट आहे: घरगुती आणि शाळेच्या यंत्रात बाहेर स्विच नकोच, आत जंपर ठेवा. जंपर बदलायला कॅबिनेट उघडावे लागते, त्यासाठी माणूस आपोआप प्लग काढतो, आणि लहान मुलाच्या हाताने चालू यंत्रात चिप बदलण्याचा धोका राहत नाही. तारही लांब होत नाही. जंपर कॅप पडून हरवली तरी नुकसान नाही. एकही चिप निवडली जात नाही एवढेच. बाहेर स्विच हवाच असेल तर 10 किलोओहमचे रेझिस्टर स्विचपाशी न लावता चिपपाशी लावा.

बोर्डात बसवण्यापूर्वी चिपा न घालता मल्टिमीटर लावा. 4 आणि 8 मध्ये शॉर्ट नको. जंपर ‘अ’ बाजूला असताना खालच्या 1 क्रमांकाच्या पिनेपासून ‘अ’ बेसच्या 1 पर्यंत जवळजवळ शून्य ओहम, आणि ‘ब’ बेसच्या 1 पर्यंत 20 किलोओहम दिसले पाहिजेत, कारण वाट दोन्ही रेझिस्टरांमधून जाते. जंपर बदलल्यावर हेच उलट. 20 ऐवजी शून्य दिसले तर सोल्डरचा पूल झाला आहे. अनंत दिसले तर एखादा रेझिस्टर जोडलेलाच नाही. मग बाकीच्या सातही पायांची कंटिन्युइटी एकेक करून. शेवटी ग्राफिक्स कार्ड किंवा हीटसिंक अ‍ॅडॉप्टरच्या उंचीला अडत नाही ना ते पाहा.

चिप बदलताना संगणक शटडाउन करणे पुरेसे नाही. बंद यंत्रातही स्टँडबाय वीज चिपपर्यंत पोहोचत असते आणि इंटेलचे मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधला स्वतंत्र छोटा प्रोसेसर) तिच्याशी बोलत असू शकते. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, बोर्डावरचा दिवा विझू द्या, मग जंपर हलवा. दोन चिपांवर बायोसच्या वेगळ्या आवृत्त्या असतील तर सीएमओएसही साफ करा, नाहीतर जुन्या सेटिंगवर नवा बायोस अडखळतो आणि दोष अ‍ॅडॉप्टरला दिला जातो. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असलेल्या यंत्रावर चिप बदलली की ते 48 अंकी रिकव्हरी की मागते, कारण टीपीएमला फर्मवेअर, म्हणजे चिपमधला बायोस प्रोग्रॅम, बदललेले दिसते. प्रोसेसरमधला टीपीएम आपली माहिती याच चिपमध्ये ठेवत असेल तर दुसऱ्या चिपवर ती नसतेच. त्यामुळे ती की आधी कागदावर लिहून घेतल्याशिवाय या कामाला हात घालू नये. ही गोष्ट ग्राहकाला विचारणे दुरुस्ती करणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याचा सगळा डेटा त्यावर अवलंबून असतो.

बिघडलेली चिप दुरुस्त करण्याची जुनी रीत अशी की चांगल्या चिपवरून यंत्र उठवायचे, चालू यंत्रातच स्विच फिरवायचा आणि खराब चिपवर बायोस लिहायचा. 2000 च्या दशकातल्या बोर्डांवर ती चालत असे. आजच्या यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) यंत्रांत चालू असतानाही फर्मवेअर चिपवर लिहीत असते, शिवाय बऱ्याच बोर्डांवर लिहिण्याला कुलूप असते. म्हणून चिप बेसमधून काढून प्रोग्रॅमरवर लिहा आणि लिहिल्यावर पडताळणी करा. आयसी बेस वापरायचे ते यासाठीच. एका चिपच्या डोक्यावर दुसरी डकवून फक्त पहिला पाय वर वळवणारे लोक आहेत. ते चालते, पण चिप सुटी काढता येत नाही.

चौकोनी, 32 पायांच्या पीएलसीसी चिपा असलेल्या जुन्या बोर्डांना ही जोडणी लागू नाही. तिथे फर्मवेअर हब प्रकारात चिपचा क्रमांक ठरवणारे आयडी पाय असतात. सर्व आयडी शून्य असलेली चिप सुरुवातीला वाचली जाते, म्हणून एका आयडी पायावरची पातळी बदलून काम होते. लॅपटॉपमध्ये अ‍ॅडॉप्टरला जागा नसते, आणि चिप बोर्डाला थेट सोल्डर केलेली असेल तर आधी हॉट एअरने ती काढून तिथे सॉकेट बसवावे लागते. त्यासाठी सरावलेला हात हवा. पॅड उखडले तर चांगला बोर्ड खरोखरच जातो.

वागळे इस्टेट, तुर्भे, महापे इथल्या दुरुस्ती करणाऱ्यांना आणि ठाणे जिल्ह्यातल्या आयटीआय व तंत्रनिकेतनांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की हा अ‍ॅडॉप्टर प्रात्यक्षिकात घ्यावा. सोल्डरिंग, पुल-अप रेझिस्टर, सामायिक तारा, फाइलची पडताळणी हे सगळे विद्यार्थ्याला एकाच कामात हाताने शिकता येते, आणि सरावासाठी भंगारातले बोर्ड आपल्या पट्ट्यात भरपूर आहेत. ग्राहकांनीही नव्या बोर्डाचे पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी मागाव्यात: जुन्या बायोस चिपमधून वाचलेली फाइल पेनड्राइव्हवर, आणि जुना बोर्ड परत. ती फाइल वाचता येत नाही असे उत्तर मिळाले, तर चिप प्रोग्रॅमरवर लावून पाहिली होती का, हे नक्की विचारावे.

आपला,
एक वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई